विश्लेषण : घरच्या सर्व्हरमधील डिस्क बंद पडली, डेटा परत मिळतो का?

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचे व्हिडीओ, कॅसेटवरून डिजिटल करून घेतलेला आजीचा आवाज, घराच्या कराराची स्कॅन केलेली प्रत, दहा वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे... हे सारे एका छोट्या खोक्यात साठवून अनेक घरे निर्धास्त झाली आहेत. एक दिवस हा खोका ‘बीप बीप’ करू लागतो आणि त्यावरचा हिरवा दिवा नारिंगी होतो. आतली एक डिस्क बंद पडलेली असते. अशा वेळी डेटा परत मिळतो का? बऱ्याचदा मिळतो. मात्र तो मिळणार की नाही, हे डिस्क कशी बिघडली यापेक्षा त्यानंतरच्या काही तासांत घरच्यांनी काय केले यावर अधिक अवलंबून असते.

हा प्रश्न आताच का?

मार्च २०२० नंतर घर हेच कार्यालय झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगलने फोटो साठवण्याची अमर्याद मोफत सुविधा बंद करण्याची घोषणा केली आणि १ जून २०२१ पासून ती बंद झाली. त्यानंतरचे फोटो, ई-मेल आणि इतर फाइल मिळून १५ गिगाबाइटची मोफत मर्यादा उरली. दर महिन्याला भाडे भरण्यापेक्षा घरातच साठवणुकीची सोय करावी, असा विचार त्यातून पुढे आला. अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, घरातूनच काम करणारे लग्नसमारंभांचे छायाचित्रकार, व्हिडीओ एडिटर, सनदी लेखापाल आणि वास्तुरचनाकार यांच्यासाठी तर ती गरजच होती.

अशा खोक्याला ‘नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज’ किंवा ‘एनएएस’ म्हणतात. सिनॉलॉजी, क्यूनॅप या तैवानी कंपन्यांचे खोके त्यात प्रसिद्ध आहेत. जुन्या संगणकावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही मोफत प्रणाली टाकूनही असा सर्व्हर तयार करता येतो. करोनाकाळात घेतलेल्या या खोक्यांमधील डिस्क आता जुन्या होत आल्या आहेत. एनएएससाठीच्या डिस्कची वॉरंटी साधारणपणे ३ किंवा ५ वर्षांची असते. शिवाय वॉरंटीत बदलून मिळते ती डिस्क. त्यावरचा डेटा नव्हे.

या खोक्यात डेटा कसा साठवला जातो?

एनएएसमध्ये बहुधा दोन ते चार डिस्क असतात. त्या एकत्र बांधण्याच्या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी १९८८ मध्ये ही कल्पना शोधनिबंधातून मांडली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात, असा तिचा गाभा होता.

‘रेड १’मध्ये दोन डिस्कवर एकसारखीच प्रत असते. ‘रेड ५’मध्ये किमान तीन डिस्क लागतात. समजा, पहिल्या डिस्कवर ७ हा आकडा आहे, दुसरीवर ५ आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२. दुसरी डिस्क गेली, तरी १२ मधून ७ वजा करून ५ परत मिळवता येतात. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांवरची वेगळी क्रिया वापरतात आणि हे ‘बेरजेचे’ भाग सर्व डिस्कवर विखुरलेले असतात. पण तत्त्व हेच. ४ टेराबाइटच्या चार डिस्क अशा बांधल्या की १२ टेराबाइट जागा मिळते आणि एक डिस्क गेली तरी काम सुरू राहते. ‘रेड ६’मध्ये दोन डिस्क गेल्या तरी चालते. ‘रेड ०’मध्ये मात्र असे कोणतेही संरक्षण नसते, एक डिस्क गेली की सारेच संकटात.

एका डिस्कने काही बिघडत नाही, तर डेटा जातो कसा?

एक डिस्क गेल्यावर ‘रेड ५’चा सर्व्हर सुरू राहतो, पण त्या क्षणापासून तो काठावर असतो. नवी डिस्क बसवली की हरवलेला भाग नव्याने रचण्यासाठी उरलेल्या सर्व डिस्क पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत वाचाव्या लागतात. ४ टेराबाइटच्या डिस्कसाठी सेकंदाला १५० मेगाबाइट हा वेग धरला, तरी साडेसात तासांच्या आसपास वेळ जातो. सर्व्हर वापरात असेल तर त्याहून कितीतरी अधिक. उरलेल्या डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या आणि तेवढ्याच झिजलेल्या असतात. वर्षानुवर्षे न उघडलेल्या फाइलच्या जागी एखादा भाग खराब झालेला असेल, तर तो नेमका याच वेळी समोर येतो.

अनेक घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात ‘१० चा १४वा घात एवढे बिट वाचताना जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक’ असा दर दिलेला असतो. म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइटमागे एक. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या वागतात. पण ४ टेराबाइटच्या तीन डिस्क सलग वाचायच्या म्हणजे १२ टेराबाइट वाचायचे. धोका कुठे आहे, हे यावरून कळते.

आणखी एक प्रकार फसवा आहे. साध्या संगणकासाठीची डिस्क खराब भाग वाचण्यासाठी बराच वेळ धडपडत राहते. एनएएससाठीची डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकते आणि तसे सर्व्हरला कळवते. स्वस्तात मिळाली म्हणून एनएएसमध्ये साधी डिस्क बसवली असेल, तर उत्तर येत नाही म्हणून सर्व्हर तिला गटाबाहेर काढतो. डिस्क मेलेली नसते. अशाच कारणांनी २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलवर टीका झाली होती. एनएएससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्ये डेटाच्या रेषा कौलांसारख्या एकमेकींवर चढवणारे तंत्र वापरल्याचे कंपनीने त्या वर्षी एप्रिलमध्ये मान्य केले. अशा डिस्कवर नव्याने रचना करण्याचे काम फार रेंगाळू शकते.

डिस्क ‘गेली’ म्हणजे नेमके काय झाले?

याची चार-पाच उत्तरे असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पहिले, डिस्क चांगल्या आहेत, खोकाच गेला. वीज पुरवणारा अ‍ॅडॉप्टर किंवा मुख्य सर्किट बंद पडले की खोका सुरूच होत नाही. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. बहुतेक एनएएसच्या आत लिनक्स असते, त्यामुळे डिस्क लिनक्स संगणकाला जोडूनही डेटा वाचता येतो. दुसरे, केबल किंवा जोडणी सैल आहे. तिसरे, पृष्ठभागावरचे काही भाग खराब झाले आहेत. डिस्क सुरू होते, पण मध्येच अडखळते. चौथे, डिस्कच्या आतील सर्किट किंवा तिचे स्वतःचे सॉफ्टवेअर बिघडले आहे. डिस्क ओळखलीच जात नाही किंवा तिची क्षमता चुकीची दिसते. पाचवे आणि सर्वांत गंभीर, वाचणारे टोक म्हणजे ‘हेड’ निकामी झाले आहे. अशा वेळी ‘टक टक’ असा ठरावीक आवाज येतो.

मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीपासून हे हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. ते चकतीला घासले, तर चुंबकीय थर खरवडला जातो. त्या जागेवरचा डेटा मग जगातली कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. टक टक करणारी डिस्क ‘एकदा लावून बघू’ म्हणत पुन्हा पुन्हा सुरू करणे म्हणूनच महागात पडते.

पहिल्या तासात काय करावे?

• आवाज येत असेल, तर सर्व्हर लगेच बंद करा. आवाज नसेल आणि फाइल दिसत असतील, तर सर्वांत महत्त्वाच्या फाइल आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. नवी डिस्क बसवण्याचे काम त्यानंतर.
• कोणती डिस्क कोणत्या खणात होती, हे पेनाने डिस्कवर लिहा आणि फोटो काढून ठेवा.
• पडद्यावर ‘इनिशिअलाइज’, ‘फॉरमॅट’ किंवा ‘क्रिएट’ असा पर्याय आला, तर ‘हो’ म्हणू नका. विंडोज संगणकाला एनएएसची डिस्क जोडली की असा प्रश्न हमखास येतो, कारण विंडोजला ती मांडणी समजत नाही.
• फाइल-व्यवस्था दुरुस्त करणारी आज्ञा मूळ डिस्कवर चालवू नका. दुरुस्ती म्हणजे लिहिणे, आणि लिहिले की जुने पुसले जाते.
• डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणे, हाताने आपटणे, घरी उघडणे हे उपाय विसरा. फ्रीजरमधून बाहेर काढलेल्या डिस्कमध्ये दमट हवेने पाणी साचते.

दोन डिस्क गटाबाहेर गेल्या असतील, तर आणखी एक खबरदारी हवी. प्रत्येक डिस्कवर शेवटच्या बदलाचा क्रमांक नोंदलेला असतो. समजा, एक डिस्क सहा महिन्यांपूर्वीच गटाबाहेर पडली होती, कुणाच्या लक्षात आले नाही, आणि दुसरी आज गेली. घाईत सहा महिन्यांपूर्वीची डिस्क जबरदस्तीने गटात घेतली, तर जुन्या आणि नव्या डेटाची सरमिसळ होते. जो डेटा सहज निघाला असता, तोही मग हाती लागत नाही. लिनक्समधील ‘एमडीएडीएम’ या साधनाने हे क्रमांक डिस्कवर काहीही न लिहिता तपासता येतात.

डेटा परत काढतात तरी कसा?

या क्षेत्राचा पहिला नियम म्हणजे मूळ डिस्कवर काम करायचे नाही. आधी तिची बिट न् बिट प्रत, म्हणजे ‘इमेज’ काढायची आणि सर्व प्रयोग त्या प्रतीवर करायचे. त्यासाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन वापरले जाते. ते चांगले भाग आधी उतरवून घेते, अडखळणारे भाग मागे ठेवते आणि काय वाचले, काय राहिले याची नोंद एका फाइलमध्ये करते. त्यामुळे डिस्क मध्येच थांबली तरी पुढच्या वेळी काम तिथूनच सुरू होते. सगळ्या डिस्कच्या प्रती तयार झाल्या की त्या संगणकात आभासी पद्धतीने जोडून रेडची रचना केवळ वाचण्यापुरती उभी केली जाते. फाइलींची यादीच नष्ट झाली असेल, तर ‘फोटोरेक’सारखी साधने फाइलच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून फोटो शोधून काढतात, पण फाइलची नावे आणि फोल्डर परत मिळत नाहीत.

‘आधी प्रत, मग तपास’ हाच नियम गुन्ह्यांच्या तपासातही पाळला जातो. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्यालय सांताक्रूझ पूर्वेला कालिना येथे आहे. जप्त केलेल्या संगणकाच्या डिस्कची आधी प्रत घेणे आणि ती मुळाबरहुकूम असल्याचे ‘हॅश’ या अंकीय ठशाने पडताळणे, ही न्यायवैद्यक तपासाची सर्वमान्य रीत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तर कलम ६३ खालील प्रमाणपत्रातच हॅशची नोंद मागितलेली आहे. न्यायालयासाठी जी काळजी घेतली जाते, तीच घरच्या फोटोंसाठी घेतली तर बिघडलेले काम आणखी बिघडत नाही.

लॅबकडे कधी जावे?

डिस्क टक टक करत असेल, फिरतच नसेल, ओळखली जात नसेल किंवा पाण्यात पडली असेल, तर घरी काहीही करू नये. हेड बदलण्यासाठी धूळविरहित कक्ष लागतो आणि त्याच मॉडेलची, अनेकदा त्याच सॉफ्टवेअर आवृत्तीची दुसरी डिस्क सुट्या भागांसाठी लागते. ‘वरची हिरवी प्लेट बदलली की झाले’ हा समजही चुकीचा आहे. त्या प्लेटवरील एका चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची मोजमापे साठवलेली असतात. ती चिप किंवा तिच्यातील माहितीही नव्या प्लेटवर न्यावी लागते.

खर्च डेटा किती आहे यावर फारसा ठरत नाही. बिघाड कोणता, डिस्क किती आणि सुटे भाग मिळतात का, यावर ठरतो. तो नव्या डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकतो. त्यामुळे डिस्क देण्यापूर्वी लेखी विचारावे : तपासणीचे शुल्क किती, डेटा न मिळाल्यास पैसे लागणार का, डिस्क कुठे उघडणार, काम इथेच होणार की दुसरीकडे पाठवणार, सापडलेल्या फाइलींची यादी पैसे भरण्यापूर्वी दाखवणार का, आणि काम संपल्यावर त्यांच्याकडील प्रत कधी पुसणार. डिस्कवर आधार, पॅन, बँकेची कागदपत्रे आणि खासगी फोटो असतात, हे लक्षात ठेवावे. काही कंपन्या एनएएससाठीच्या ठरावीक डिस्कबरोबर मर्यादित मुदतीची डेटा रिकव्हरी सेवा देतात. ती आपल्या डिस्कला लागू आहे का, हे आधी पाहावे. सर्व्हरवर एन्क्रिप्शन लावले असेल, तर त्याची किल्ली नसताना डिस्क दुरुस्त होऊनही उपयोग नाही.

मुंबईच्या उपनगरांत वेगळी काळजी का?

पहिले कारण वीज. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी १० च्या सुमारास मुंबई महानगरातील वीजपुरवठा कोलमडला, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि काही भागांत पुरवठा सुरळीत व्हायला अनेक तास लागले. एवढा मोठा प्रसंग विरळा. पण सोसायटीतला फ्यूज उडणे नेहमीचेच. लिहिण्याचे काम सुरू असताना वीज गेली, तर एका डिस्कवर नवा डेटा आणि दुसरीवर जुनी ‘बेरीज’ राहू शकते. एनएएसला यूएसबीने जोडता येणारा यूपीएस असेल, तर वीज गेल्याचे कळताच सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो.

दुसरे कारण पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुर्ला, कालिना, साकीनाका परिसरात तळमजले पाण्याखाली गेले आणि घरांतील, कार्यालयांतील संगणकही. बहुतेक डिस्कना हवेचा दाब सांभाळण्यासाठी बारीक छिद्र असते. हेलियम भरलेल्या डिस्क मात्र बंदिस्त असतात. भिजलेली डिस्क ड्रायरने वाळवू नये आणि सुरू तर मुळीच करू नये. पाणी वाळले की गाळ आणि क्षार चकतीवर चिकटतात. डिस्क ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत ठेवून लॅबकडे न्यावी.

तिसरे कारण पुनर्विकास. जुन्या इमारती रिकाम्या होत असताना सामानाबरोबर सर्व्हरही भाड्याच्या घरात जातो. डिस्क आत ठेवूनच खोका टेम्पोत टाकला जातो. हलवण्यापूर्वी सर्व्हर बंद करून, डिस्कना क्रमांक घालून, त्या वेगळ्या गुंडाळून हातातल्या बॅगेत न्याव्यात. शेजारी बांधकाम सुरू असेल, तर पंख्यावर धूळ साचून खोका तापतो. तो अधूनमधून साफ करावा.

डिस्क आधी इशारा देते का?

अनेकदा देते, पण नेहमीच नाही. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ‘स्मार्ट’ नावाची नोंदवही ठेवते. त्यातील क्रमांक ५, १९७ आणि १९८ या रकान्यांतील आकडे शून्यावरून वाढू लागले, तर पृष्ठभाग खराब होऊ लागला असे समजावे. १९९ वाढत असेल, तर आधी केबल तपासावी. गूगलने १ लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ मध्ये मांडलेले निष्कर्ष आजही उद्धृत होतात. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतर पुढच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता ३९ पट वाढते, असे त्यात आढळले. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी मात्र कोणताही इशारा दिला नव्हता. त्यामुळे इशारा आला तर तो ऐकावा. आला नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

मग खरा उपाय काय?

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये, एवढ्यासाठीच रेड असते. चुकून फाइल पुसली, तर ती सर्व डिस्कवरून एकाच क्षणी जाते. खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरले, तरी तेच. क्यूनॅपच्या खोक्यांना २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ने आणि २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने गाठले. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या घरगुती खोक्यांमधील डेटा इंटरनेटवरून परस्पर पुसला गेला. या घटनांत डिस्क ठणठणीत होत्या; डेटा नव्हता.

ही चूक सरकारांकडूनही होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा केंद्राला बॅटरीमुळे आग लागली. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांची ‘जी-ड्राइव्ह’ ही ८५८ टेराबाइटची साठवण जळून गेली. तिचा आकार मोठा असल्याने बाहेर बॅकअप ठेवलेला नव्हता, असे स्पष्टीकरण देण्यात आले.

यावरचा ‘३-२-१’ हा नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. मुंबईतल्या कुटुंबासाठी याचा सोपा अर्थ असा : एक प्रत एनएएसवर, दुसरी एरवी कपाटात बंद राहणाऱ्या यूएसबी डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर किंवा पुणे-नाशिकच्या नातेवाइकांकडे. सगळा डेटा ठेवणे परवडत नसेल, तर जो पुन्हा कधीच मिळणार नाही तेवढा तरी ठेवावा. चित्रपट पुन्हा उतरवता येतात. आजीचा आवाज नाही.

आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, त्या कपाटातल्या डिस्कवरून चार फाइल प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेला बॅकअप ऐन वेळी कामी येईलच, याचा भरवसा नसतो.